दृष्ट काढणारीची दृष्ट

भोंगा वाजायला लागला तेव्हा मला आधी वाटलं पोरगंच किंचाळतंय. अनघाताईंचा ईशान, दात येत होते त्याला, ताईंच्या मांडीवर बसलेला, मी पुढ्यात उकिडवी, उजव्या मुठीतल्या मिरच्या-मोहऱ्या नुकत्या निखाऱ्यावर टाकलेल्या, डाव्या मुठीतलं मीठ अजून मुठीतच, आणि धूर असा सरळ वर गेला आणि पॅसेजच्या छताला ते पांढरं वाटीसारखं असतं ना, त्याच्या पोटात शिरला. मग आख्खी बिल्डिंगच बोंबलायला लागली. दारं धडाधड, जिन्यात चपला, कोण मल्याळीत ओरडतंय, कोण अरबीत, मी ओवीला उचललं आणि पळाले, अनवाणी, गॅसवर डाळ होती ती बंद केली का नाही तेपण आठवेना, ओवी कानात ओरडतेय, "मम्मा, युवर हँड, इट्स हर्टिंग," कारण मी तिला मूठ आवळूनच धरलेलं. मीठ सांडू नये म्हणून. पोराच्या अंगावरनं उतरवलेलं मीठ वाटेत सांडायचं नाही, ते पाण्यातच सोडायचं, हे माझ्या इतकं अंगात भिनलेलं की आग लागली तरी मूठ उघडेना.

खाली आले तर ताई आधीच पोचलेल्या. बंबाची लाल गाडी आली, युनिफॉर्मवाली माणसं उतरली. पोलीस कोण आणि बंबवाले कोण ते मला तेव्हा कळलं नाही, मला नुसता युनिफॉर्म दिसला. आमचा नातूर, दुबईत बिल्डिंगच्या वॉचमनला तसं म्हणतात, धापा टाकत ताईंना विचारत होता, "मॅडम, आपके घर से आया धुआँ. क्या जला?"

"भैया, हमको कुछ नहीं पता," ताई म्हणाल्या. "वो पीछे के रूम में जो रहते हैं ना, उनकी वाइफ कुछ जादू-टोना करती है. हम तो एज्युकेटेड लोग हैं, हम ये सब मानते भी नहीं."

मी त्यांच्या पाठीमागेच होते. हात पुढे केला असता तर त्यांच्या कुर्त्याला लागला असता. त्यांच्या खांद्यावरनं ईशाननं मला बघितलं आणि तो हसला, रडरडून नाक लाल झालेलं पोर, आणि त्यानं माझ्याकडे झेप घेतली, रोज घ्यायचा तशी. ताईंनी त्याला आवळून धरलं आणि वळून बघितलंच नाही. दुपारपर्यंत मी सुषमा होते. "सुषमा, तू माझी धाकटी बहीणच गं." आणि आता उनकी वाइफ.

जादू हा शब्द तिथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मल्याळी, पठाण, बंगाली, सगळ्यांना कळतो. तेवढ्या गर्दीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली, आणि माझ्याभोवती थोडी जागा झाली. कुणी ढकललं नाही, कुणी बोललं नाही, आपोआप झाली जागा. मी आणि ओवी मधे. मूठ तशीच.

ह्या गोष्टीला आता वर्ष होईल. आता परत तेच दिवस आलेत.

परवा सकाळी, दुबईच्या पलीकडे अजमानला आलोय आता आम्ही, इथल्या ह्या खोलीची खिडकी उघडली आणि हवा आत आली ती भाजणारी नव्हती. मे महिन्यापासून आपण इथं डब्यात बसल्यासारखे असतो, एसीच्या आवाजात. मग एक दिवस कुणी न सांगता ते झाकण उघडतं. संध्याकाळी खालच्या मैदानात पोरं दिसायला लागतात, बायका फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन उतरतात, कुणाच्या तरी घरातनं लोबान-ऊदचा धूर येतो, कपडे दोरीवर वाळतात आणि तरी मऊ राहतात. माझ्या गावाला हे दिवस म्हणजे भात पिवळं व्हायचे दिवस. चिपळूणच्या पलीकडे आमचं गाव. पाऊस सरलेला, थंडी अजून वाटेत, बांधावरनं चाललं की भाताला दुधाचा वास यायचा, दाणा भरतो तेव्हाचा. कुंपणाला कारिटाचे वेल. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ते कडू कारीट डाव्या पायाखाली फोडायचं आणि बोटभर जिभेला लावायचं. वर्षाचा सगळा कडूपणा एकदम चाखून टाकायचा, मग फराळ. लोकांना हे दिवस गोड लागतात. मला पण लागायचे. आता खिडकीतनं तशी हवा आली की माझी डावी मूठ आपोआप मिटते.

रत्नामावशी आमच्या गावात दृष्ट काढायची. आईची सख्खी बहीण, लवकर विधवा झाली, आमच्याच शेजारी राहायची. तिन्हीसांज झाली की तिच्या पडवीत बायका. कुणाचं पोर दूध पित नाही, कुणाची सून गप्प झालीये, कुणाचा मुंबईहून आलेला मुलगा तापानं फणफणलाय. मावशी समोर बसवायची. मूठ फिरवताना पुटपुटायची, आल्याची गेल्याची, घरच्याची दारच्याची, पाणवठ्यावरची वाटेवरची, आणि पुटपुटताना त्या माणसाकडे असं बघायची की बस. दुसरं काही बघायची नाही. मग मिरच्या चुलीत. ठसका लागला नाही की म्हणायची, बघ, केवढी होती. ठसका लागला की म्हणायची, काय नाय तुला, जेव जा.

आणि त्याच बायका सकाळी विहिरीवर तिला बघून पदर सावरायच्या. पोराला मागे ओढायच्या. मी लहान होते, मला राग यायचा. मावशीला नाही यायचा. ती हंडा कमरेवर घ्यायची आणि म्हणायची, "तिन्हीसांजेला माय, सकाळी चेटकीण. तू नको मनाला लावून घेऊ. त्यांना भीती वाटते, आपण त्यांना रडताना बघितलंय ना."

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. अनघाताईंना मी रडताना बघितलं होतं. खूप वेळा.

आम्ही दुबईत इंटरनॅशनल सिटीत त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत राहायचो, शेअरिंगमधे. ओवीचे पप्पा जुमेरा लेक टॉवर्समधे एसीची कामं करतात. ताई पुण्याच्या, त्यांचे मिस्टर आणि त्या दोघंही ऑफिसला. ईशान झाला तेव्हा पुण्याहून त्यांच्या सासूबाई येणार होत्या त्या आल्या नाहीत. ताईंना दूध येईना, झोप येईना, बाथरूममधे नळ सोडून रडायच्या. मी एकदा दार वाजवलं. म्हटलं, ताई, नळ बंद करा नि बाहेर येऊन रडा, मी आहे. आल्या. मी त्यांच्या डोक्यावर तेल घातलं. त्या म्हणाल्या, "तुला वेळ आहे का गं?" म्हटलं, "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

तसं सुरू झालं. ईशान संध्याकाळी रडायला लागला की ताईच यायच्या माझ्या दारात. "सुषमा, तुझं ते कर ना. लॉजिक काही नाहीये त्यात मला माहितीये, पण तो थांबतो गं." निखारे कुठून आणायचे, तर बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळायचं भांडं त्यांनीच आणलं बाजारातनं, कोळशाच्या काळ्या वड्यांसकट. अरबांच्या घरी असतं तसलं, सोनेरी काठाचं. मी हसले, म्हटलं ताई, ह्यात मिरच्या टाकायच्या? त्या म्हणाल्या, "हबीबी, ग्लोबल झालीये आता तुझी दृष्ट." खूप हसलो आम्ही दोघी. ते हसणं मला खरं वाटलं होतं. अजून पण वाटतं, तीच तर गोची आहे. खोटं असतं तर विसरता आलं असतं.

आता खरंच दृष्ट निघते का, असं मला विचाराल तर मला माहीत नाही. नववीत शाळा सुटली माझी, मी काय सांगणार. पोरगं शांत होतं हे मी बघितलंय. मावशीला एकदा विचारलं होतं मी. ती म्हणाली, "मिठानं काय होत असतं तर समुद्राकाठी कोण आजारी पडलं नसतं. पण बाय गं, एक माणूस बाकी सगळं सोडून आपल्यासमोर बसतो आणि फक्त आपल्याकडे बघतो, असं दिवसात किती वेळा होतं?"

ओवी माझ्या मोबाईलवर काय काय लावते. एवढ्यात, सुपरमार्केटमधे हॅलोवीनचे भोपळे आणि चेटकिणीच्या काळ्या टोप्या लागल्यात ना, त्या दिवसांत, तिनं मला एक रील दाखवलं. एक गोरी बाई, लांब केस, काळी टोपी, टबात पाणी सोडतेय, त्यात दालचिनी टाकतेय, संत्र्याच्या चकत्या, बाजूला मेणबत्त्या.

"मम्मा, शी इज अ विच," ओवी म्हणाली. "अ रिअल वन."

"काय सांगतेय ती?"

"शी सेज, विचेस गेट टायर्ड इन ऑटम. सो दे शुड रेस्ट अँड बी काइंड टू देमसेल्व्ज."

"ऑटम म्हणजे?"

"व्हेन लीव्हज फॉल." मग तिनं खिडकीतनं खालच्या खजुराकडे बघितलं. "वी डोन्ट हॅव दॅट."

मला इतकं हसू आलं की डोळ्यातनं पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. तिकडच्या बायका हौसेनं स्वतःला चेटकीण म्हणवून घेतात आणि दालचिनीत आंघोळ करतात. फोनवर मावशीला सांगितलं. म्हटलं, मावशी, पानगळीच्या दिवसांत चेटकिणीनं स्वतःला कसं जपायचं ते शिकवतात त्या. मावशी म्हणाली, "शिकवू देत की. पगार मिळतो का त्यांना?"

पण खरं म्हणजे मावशीनं मला तेच शिकवलेलं. टब नव्हता एवढंच. दुसऱ्याची दृष्ट काढलीस की आधी हात धू कोपरापर्यंत, मग डोळे. गुळाचा खडा तोंडात टाक. पायरीवर एकटी बस, लगेच कामाला लागू नको, कुणी हाक मारली तरी ओ देऊ नको. रडू आलं तर येऊ दे, ते तुझं नाही, त्यांचं आहे, जाऊ दे ते. ज्या दिवशी आपलंच डोकं भरलंय त्या दिवशी दुसऱ्याचं काढायला बसू नको, आधी आपलं. आणि वर्षातनं एकदा, भात खळ्यावर आलं की, आपली दृष्ट कुणाकडून तरी काढून घे. "कुणाकडून पण नाय हां," मावशी म्हणायची. "ज्याच्यापुढे मान वाकवायला भीती वाटत नाय त्याच्याकडून." मावशीची मी काढायचे. पोरगी होते, हात इवलासा, ती खाली बसायची माझ्यासाठी, डोळे मिटायची, नि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरायचं. खळ्यावर नव्या पेंढ्याचा वास. मी लग्न होऊन इकडे आल्यापासून तिची कोण काढतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

आणि माझी अनघाताईंनी काढली होती. भोंगा वाजायच्या थोडे दिवस आधी, कोजागिरीला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, ओवीच्या पप्पांना पण नाही. गॅलरीत आम्ही दोघी, मसाला दूध केलेलं, पाकिटातलं दूध पण केशर चांगलं होतं, समोरच्या दोन बिल्डिंगच्या मधल्या फटीत चंद्र आला. मी त्यांना मावशीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला शिकव. मी काढते तुझी." मी शिकवलं. मूठ कशी धरायची, कुठल्या बाजूनं फिरवायची, काय पुटपुटायचं. त्यांना आल्याची-गेल्याची नीट येईना, मधेच इंग्लिश शब्द घातला, मी फिसकन हसले, त्या म्हणाल्या, "गप्प बस गं, कॉन्सन्ट्रेट करू दे." मग मी डोळे मिटले आणि मान खाली घातली. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या डोक्यावरनं हात फिरवत होतं आणि मला काही करायचं नव्हतं. शेवटी त्यांनीच माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

म्हणून सांगते, "हमको कुछ नहीं पता" हे जे त्या बोलल्या, ते मला जादू-टोण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि भोंगा वाजला त्या दिवशी मी आधी गॅलरीतच बसले होते हो, नेहमीसारखी. ताईच म्हणाल्या होत्या, "आत ये. हवा चांगली झालीये, सगळे गॅलऱ्यांमधे आलेत, कुणी बघेल. पॅसेजमधे बस, दार लाव, कुणाला कळणार नाही." मी म्हटलं, धूर होईल ताई. "होऊ दे, एवढ्याशा धुरानं काय होतंय." उन्हाळाभर सगळे आत कोंडलेले असताना आम्ही बाहेर करायचो, कुणी बघत नव्हतं. आणि हवा सुटली, जग बाहेर आलं, म्हणून आम्ही आत गेलो.

बंबवाल्यांनी काही केलं नाही. त्यांच्यातला एक मोठा माणूस वर जाऊन आला, हातात ते सोनेरी काठाचं भांडं. त्यानं मिरच्यांचा कोळसा हुंगला, शिंकला, माझ्याकडे बघितलं, ओवीकडे बघितलं, आणि म्हणाला, "बखूर बाहर. अंदर नो. खलास." बस. पण नातूरनं बिल्डिंगच्या ऑफिसात सांगितलं, ऑफिसवाल्यांनी ताईंच्या मिस्टरांना सांगितलं, आणि त्यांनी ओवीच्या पप्पांना जिन्यात गाठून सांगितलं की खोली बघा. त्यांनी तोंडावर सांगितलं तरी. ताई तेव्हा बेडरूममधे होत्या. दार बंद. नळ चालू होता.

खोलीत आल्यावर ओवीचे पप्पा हळू आवाजात बोलले, ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुला कळतं का? इथं जादूटोण्याला जेल आहे. कुणी एक कंप्लेंट टाकली की तुला नेतील, मला नोकरीवरनं काढतील, आपण तिघं परत."

"मी काय जादू केली? पोराची दृष्ट काढली."

"ते तू कोर्टात सांगणार? कुठल्या भाषेत?"

मग ते खाली बसले. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून फरशीवर ठेवला. म्हणाले, "सुषमा, मी पण घाबरलोय गं. आता परत मिरची-मीठ हातात दिसलं ना, तर मी तुमच्या दोघींची तिकिटं काढीन. शप्पथ. जेलपेक्षा गाव बरं." ते खोटं बोलत नाहीत. आणि गावाला गेलं की काय होतं ते मला माहितीये, आमच्या वाडीतल्या अर्ध्या पोरांना बाप म्हणजे गणपतीत येणारा पाहुणा वाटतो. ओवी त्यांचे बूट वाजले की कुठंही असली तरी धावते. अजमानहून दुबईला जायला-यायला त्यांचा सगळा दिवस कारपूलमधे जातो, पण संध्याकाळी ते बूट वाजतात. मला तेवढंच पाहिजे. बाकी काही नको.

म्हणून मी सोडून दिलं. मिठाचा डबा फक्त भाजीसाठी. पण सोडलं म्हणून हलकं नाही वाटलं. केस गळायला लागले. इथं खजुराची पानं गळत नाहीत, माझे केस गळले, तेवढीच आमच्याकडची पानगळ. शेजारीण हसून बोलली तरी मी विचार करायची, ही खाली गेल्यावर काय बोलेल? ओवीला ताप आला तरी मी तिच्यासमोर नुसती बसून राहिले, हात मांडीखाली दाबून. गेल्या दिवाळीला ह्यांना तेल लावलं, ओवीला लावलं, उटणं लावलं, आणि माझी पाळी आली तर पाणी थंड झालेलं आणि कुणाच्या ते लक्षातच नाही. माझ्या पण नाही आलं. कारीट इथं मिळत नाही. मला वाटलं, मला गरजच नाही, माझ्या तोंडात वर्षभर तेच आहे.

जुन्या बिल्डिंगमधल्या पोरांनी ओवीला सांगितलेलं, युवर मॉम इज अ विच. मला वाटलं पोरगी रडेल. ती घरी येऊन म्हणाली, "मम्मा, इज इट ट्रू? देन कॅन यू फ्लाय?"

"नाही गं."

"नॉट इव्हन अ लिटल?"

आणि हे एवढ्यातलंच, ते रील बघून मी रडत होते ना, तर ती उठून स्वयंपाकात गेली. मिठाचा डबा घेऊन आली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. "मम्मा, सिट डाउन. यू आर टायर्ड विच." मूठभर मीठ घेतलं, अर्धं फरशीवर, आणि माझ्या डोक्यावरनं फिरवायला लागली, उलट्या बाजूनं, पुटपुटत. काय पुटपुटत होती तर ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल. मी डोळे मिटले. पोरीचा इवला हात, कानाला मीठ लागत होतं. मला खळं आठवलं. मावशी खाली बसलेली आठवली. मी तिला थांबवायला पाहिजे होतं, शाळेत बोलली म्हणजे, बापासमोर बोलली म्हणजे. नाही थांबवलं. तेवढा वेळ मी कुणालाच घाबरले नाही.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण पुढचं आहे.

काल संध्याकाळी बेल वाजली. खिडकी उघडी, खाली पोरांचा दंगा, हवा तीच. मी दार उघडलं तर अनघाताई. ऑफिसच्या कपड्यात, डोळ्याखाली काळं, आणि कडेवर ईशान. मोठा झालाय पण हलका झालाय, मान खांद्यावर टाकलेली. त्यानं मला बघितलं. ओळखलं का माहीत नाही, वर्ष म्हणजे त्याच्या अर्ध्या आयुष्याच्या वर झालं. पण हात पुढे केला.

"हाय आंटी," ओवी म्हणाली.

"बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांकडून पत्ता काढला," ताई म्हणाल्या. "सुषमा, हा जेवत नाहीये. संध्याकाळ झाली की तासन्‌तास रडतो. डॉक्टरांचं सगळं झालं, सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मी... मला कळत नाहीये गं. त्या दिवशी तुझं अर्धंच राहिलं ना."

खरंच अर्धं राहिलं होतं. मीठ मी कुठल्या पाण्यात सोडलं, ते मला आठवतसुद्धा नाही.

"मी घाबरले होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "युनिफॉर्म बघितला आणि तोंडातनं काय गेलं ते मलाच... विसर ना गं."

"मी पण युनिफॉर्मच बघितला होता, ताई."

त्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाल्या, "एकदाच कर. आत येते, दार लाव. कुणाला कळणार नाही."

तेच शब्द. तशीच हवा, तेच पोर. माझा फोन वाजला, ओवीचे पप्पा. "आलो खाली. लिफ्ट वर गेलीये, थांबलोय. दूध आणलंय." आणि इतक्यात ओवी, तिला कुणी सांगितलं नव्हतं, मिठाचा डबा घेऊन माझ्या पायाशी उभी. "मम्मा, फॉर द बेबी."

मी डब्यात हात घातला. मूठ भरली. ईशाननं डोळे माझ्यावर लावलेले, त्याचं काय चुकलं होतं? पण माझं डोकं वर्षभराचं भरलेलं, आणि मावशी कानात, आधी आपलं, बाय, आधी आपलं. ताई दार लावायला वळल्या. मी दाराला पाय लावला.

"दार उघडंच राहू दे," मी म्हटलं. आणि मीठ भरलेली मूठ त्यांच्यापुढे उघडली. "आधी माझी काढा, ताई. इथंच. तुम्हाला येते. मी शिकवलीये."

त्यांनी मिठाकडे बघितलं. मग बाहेर पॅसेजकडे. समोरच्या फ्लॅटचं दार अर्धवट उघडं होतं, आत कुणीतरी टीव्ही बारीक केला. लिफ्टचा वर येतानाचा आवाज येत होता. ताईंचा हात ईशानच्या पाठीवरनं सुटला, अर्ध्या वाटेपर्यंत आला, आणि तिथंच थांबला. तो मिठासाठी येत होता का दार ओढायला, ते मला कळलं नाही. लिफ्ट थांबली. ओवीनं कान टवकारले. बूट वाजले. ती धावली.

माझ्या तळहातावरचं मीठ ओलं व्हायला लागलं होतं. तुम्ही बायका वाचताय ना हे, तुमच्या कुणाच्या तरी पोराची कुणीतरी कधीतरी काढलीच असेल. तुम्ही माझ्या जागी असता, तिकडनं तिकिटं काढीन म्हणालेला नवरा येतोय, समोर ती, आणि पोराचा हात तुमच्याकडे, तर तुम्ही काय केलं असतं? मूठ मिटली असती, का तशीच उघडी ठेवली असती?